हिरव्या कांडीची गाठ

उन्हात वाळत घातलेल्या ओल्या सुताला एक वास असतो. त्यात रंगाची उग्रता असते, खळीचा आंबूसपणा असतो, आणि तापलेल्या बांबूचा कोरडेपणाही असतो. भिवंडीतल्या आमच्या गल्लीत भर दुपारी हा वास आधी नाकाशी येई आणि मागाहून डोळे दिपत. एका बांबूवर तांबड्या लडी, समोरच्या बांबूवर हिरव्या, आणि दोहोंखाली संथपणे ठिबकणारे पाणी! तांबडे पाणी आपल्या ओघळाने निघे, हिरवे आपल्या. हात-दीड हात अंतर ते एकमेकांपासून अलिप्त राहत आणि गटाराच्या तोंडाशी पोचताच एक होऊन त्यांचा मातकट, निनावी असा रंग होई. लहानपणी मी त्या गटाराशी उकिडवी बसून तांबडे नेमके कुठे संपते आणि हिरवे कुठे हरवते, ते शोधत असे. मला ती जागा कधी सापडली नाही. माझ्या मामाला ती शोधावीच लागत नसे. त्याच्या डोळ्यांना बांबूवरच्या दोन्ही लडी जन्मापासून त्या गटारातल्या पाण्यासारख्याच दिसत, आणि हे पक्के ठाऊक असूनही मी एकदा ते नाकारले. सांगताना माझी मान खाली जाते. पण न सांगता इतकी वर्षे ती ताठ ठेवली, याची मला अधिक लाज वाटते.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. अंबाडीपासून कोसभर आत त्याचे गाव. भातशेती जेमतेम, म्हणून लग्न झाल्यावर तो मामीला घेऊन भिवंडीला आला आणि आमच्याच गल्लीच्या टोकाला असलेल्या कारखान्यात लूमवर लागला. अंगाने आडवा, आवाजाने मोठा, आणि स्वभावाने इतका मऊ की कुणी त्याच्यावर रागावले तर तोच त्या माणसाला पाणी आणून देई. त्याआधी, लहानपणी, सुट्टीत मी त्याच्या गावी जात असे. परसातल्या कुंपणावर तोंडलीचा वेल होता. हिरव्यागार पानांतून डोकावणारी, पिकून लालबुंद झालेली तोंडली मला दहा पावलांवरून दिसत, मामा मात्र वेलाला नाक लावून, एकेक फळ बोटांनी दाबून बघे आणि म्हणे, "पोरी, पिकलेली तूच दाव बघू. तुजी नजर चांगली हाय." मला वाटे, तो मला खेळवतो आहे. मोठ्या ऐटीत मी बोट दाखवी आणि तो तोडी. आपण कुणाची तरी दृष्टी होऊन हिंडतो आहोत, हे त्या वयात कसे कळावे?

कारखान्यात तांबड्या-हिरव्या चौकड्यांची लुंगी निघे. तुम्ही लूम पाहिला नसेल तर एवढेच ध्यानात घ्या : उभा ताणलेला धागा तो ताणा, आडवा धावणारा तो बाणा. बाण्याचे सूत एका छोट्या कांडीवर गुंडाळलेले असते. ती कांडी धोट्यात बसवायची आणि मग तो धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत सुटतो. तांबड्या पट्ट्यासाठी एक धोटा, हिरव्यासाठी दुसरा. कांडी संपली की विणकराने त्या धोट्यात त्याच रंगाची नवी भरायची. ज्याला दोन्ही रंग एकच दिसतात, त्या माणसाने हे काम पाच वर्षे बिनचूक कसे केले असेल? उत्तर मामीकडे होते. त्याच कारखान्यात ती कांड्या भरायची. हिरवी कांडी भरून झाली की सुताच्या मोकळ्या टोकाला ती बारीकशी गाठ मारी. मामाचा अंगठा ती गाठ चाचपी आणि कांडी बरोबर आपल्या धोट्यात जाई. लूमच्या खडखडाटात नवरा-बायकोचे हे गुपित पाच वर्षे सुखाने नांदले.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मी जीवशास्त्र घेऊन कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि आनुवंशिकता नावाच्या प्रकरणाने मला अक्षरशः झपाटले होते. गुणसूत्र! काय सुरेख शब्द आहे! आमच्या गावात तो समजायला कोश उघडावा लागत नाही. गुणांचे सूत, इतके सरळ. देहाच्या सूक्ष्मातिसूक्ष्म पेशीत अशी सेहेचाळीस सुते, तेवीस जोड्यांनी नांदणारी. जोडीतले एक आईने दिलेले, एक बापाने. कानाची पाळी मोकळी की चिकटलेली, केस सरळ की कुरळे, रक्त कोणत्या गटाचे, हे सारे त्या सुतांवर लिहिलेले. आईबापांच्या सुतांत मतभेद झाला तर एक गुण प्रभावी ठरून पुढे येतो आणि दुसरा मुकाट मागे बसतो. मागे बसतो, पण मरत नाही. नातवंडांत कधीतरी अवचित वर येतो. आपण ज्याला माझे नाक, माझे डोळे म्हणतो, ते किती जणांच्या हातून फिरत आपल्यापर्यंत आलेले असते!

त्या तेवीस जोड्यांतली शेवटची जोडी न्यारी. स्त्रीपाशी त्या जोडीतली दोन्ही सुते सारखी, लांब. पुरुषापाशी मात्र एकच लांब, आईकडून आलेले. त्याचा जोडीदार बापाकडून आलेला, पण आखूड. तांबडे-हिरवे ओळखण्याची विद्या त्या लांब सुतावर असते. स्त्रीच्या एका सुतात खोट असली तर दुसरे ती सांभाळून घेते. तिला रंग स्वच्छ दिसतात, खोट आतल्या आत झाकलेली राहते आणि तिच्या नकळत पुढच्या पिढीकडे निघते. पुरुषाला सांभाळून घेणारे दुसरे सूत नसते, म्हणून त्याची खोट उघड्यावर येते. बाई वाहते आणि पुरुषाचे दिसते, असा हा विलक्षण न्याय. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या आमच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आल्या आहेत, मुलगा मामाच्या वळणावर गेला. निदान या एका बाबतीत त्या पुस्तकाच्या आधी बोलून बसल्या होत्या.

त्या पानावर बोट ठेवून मी बसले आणि मला कुंपणावरचा तोंडलीचा वेल आठवला. त्याच संध्याकाळी सुताचे आठ-दहा तुकडे घेऊन मी मामाच्या खोलीवर गेले आणि ते त्याच्यापुढे मांडले. त्याने तांबडे आणि हिरवे एकत्र गोळा केले. मी विजयाने ओरडले, "मामा, तुझं काही चुकत नाही! जन्मापासूनचंच आहे हे. ह्याला नाव आहे, रंगांधळेपणा." "नाव हाय ह्याला?" त्याने विचारले. मी होय म्हटले, तर पुन्हा विचारले. "म्हंजे दुसऱ्या कुनाला पन आसतं?" तीस वर्षे हा माणूस स्वतःला मनातल्या मनात बावळट समजत आला होता, त्या दिवशी त्याला कळले की आपल्यासारखे जगात आणखीही आहेत. तो शब्द त्याने तोंडात घोळवून घोळवून पाठ केला. मामीने गाठीचे गुपित मला सांगितले आणि माझा हात धरून म्हणाली, "बाहेर बोलू नको हां, पोरी. कामावरनं काढतील." मी कबूल केले. त्या कबुलीचा पुढे मी किती सोयीने आधार घेतला, ते तुम्हाला दिसेलच.

त्याच वर्षी माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली. स्थळ गावातलेच. मुलगा कचेरीत नोकरीला, आणि त्याचे वडील, म्हणजे माझे होऊ घातलेले सासरे, मामाच्याच कारखान्यात तयार कापड तपासायचे काम करीत. ताका टेबलावर उलगडून त्यातली चूक हुडकायची, यात त्यांचा हात धरणारा गावात दुसरा नव्हता. मुलाला आई नव्हती. म्हणून विचारपूस करायला त्याची आत्या आली होती. पोहे संपल्यावर आमच्याकडे जे विचारायचेच असते, ते तिने आवाज उतरवून विचारले : "मुलीच्या आजोळाकडे कुणाला कोड, फेफरं, डोळ्याबिळ्याचं काही नाही ना?" आई म्हणाली, "काही नाही हो." भाऊ रंगांत गोंधळतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होते. मी तेव्हा चहाचे कप उचलत होते. एकही कप वाजला नाही, इतका माझा हात स्थिर होता.

होकार यायचा होता, आणि त्याच आठवड्यात मामी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेली. तिच्या जागी आलेल्या बाईला गाठीचे काय ठाऊक? तिच्या कांड्या बिनगाठीच्या निघाल्या. चार दिवस मामाने शेजारच्या लूमवाल्याला सहज विचारल्यासारखे करून निभावले. पाचव्या दिवशी शेजारी रजेवर होता. संध्याकाळी ताका उतरला तेव्हा त्यात तांबड्याच्या जागी हिरवे आणि हिरव्याच्या जागी तांबडे, आणि मधेच कुठे बरोबरही, असा सगळा गोंधळ होता. मुकादम म्हणाला, हा पिऊन कामावर येतो. मामाने आयुष्यात दारूला स्पर्श केला नव्हता. तो शेठला म्हणाला, "मी पीत न्हाय. मना त्ये दोन रंग येगळे दिसतच न्हाईत. त्याला नाव हाय, शेठ. माज्या भाचीला इचारा, ती कालेजात शिकते." आणि मला बोलावणे आले.

पन्नासएक लूम एका छपराखाली धडधडत असताना आत पाऊल टाकले की स्वतःचा श्वासही ऐकू येत नाही. बोलायचे तर कानाशी तोंड न्यावे लागते, नाहीतर खुणेने भागवावे लागते. शेठ शहाणा आणि न्यायी माणूस होता. एवढ्यातेवढ्यावरून कुणाला काढणारा नव्हे. तो माझ्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "बेटी, तू पढ़ी-लिखी है. तेरा मामा बोलता है, उसको लाल-हरा एक ही दिखता है. ऐसा होता है क्या?" त्याच्यामागे तो वाया गेलेला ताका दोन्ही हातांवर घेऊन माझे होणारे सासरे उभे होते. आणि पलीकडे मामा. त्याच्या चेहऱ्यावर काळजीचा लवलेश नव्हता. आपला साक्षीदार आला, आता चिंता कसली, असे ते मुद्रेवर लिहिलेले निर्धास्तपण मी आजही विसरू शकत नाही. एक होय, आणि त्याची अब्रू राहिली असती. पण त्या होयमध्ये माझे आजोळ होते, माझी आई होती, माझे स्वतःचे लांब सूत होते. कापडातली तर कापडातली, खोट हुडकण्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्यासमोर मी ती उलगडून दाखवायची?

मी नकारार्थी मान हलवली. एकदाच. डावीकडून उजवीकडे.

चिंधीला हात पुसून, ती चिंधी जिथल्या तिथे ठेवून मामा बाहेर पडला. दारूच्या नशेत माल नासला, असा शिक्का त्याच्यावर बसला आणि गावातल्या दुसऱ्या कुठल्याही कारखान्याने त्याला उभे केले नाही. मामीला मुलगी झाली तेव्हा तो खोली सोडून गावी परतला होता. आणि मी? मी स्वतःची समजूत घातली की मी खोटे बोललेच नाही. मी तर तोंडातून एक शब्दही काढला नव्हता! शिवाय मामीला दिलेले वचन होतेच. माणसाचे मन किती हुशार वकील असते आणि किती नालायक अशील सांभाळते! महिन्याभरात माझे लग्न झाले. मुलीचा मामा तिला मंडपात आणतो आणि अंतरपाट धरला की तिच्या पाठीशी उभा राहतो. माझ्याही पाठीशी मामा उभा होता. सासऱ्यांनी ते चालवून घेतले. व्यसन हा त्या माणसाचा दोष, तो कुळाला लागत नाही, असे त्यांचे म्हणणे. मामाची बोटे माझ्या खांद्यांवर अगदी हलकी टेकलेली होती आणि मला त्यांच्या भाराने उभे राहवत नव्हते.

पुढे मी मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवू लागले. आनुवंशिकतेचा पाठ माझा विशेष गाजायचा. मी वर्गाला जीभ बाहेर काढून तिची पन्हाळी करायला सांगे. कुणाला जमे, कुणाला जमत नसे, आणि सारा वर्ग हसून लोळे. मी मुलींना एकमेकींच्या कानाच्या पाळ्या बघायला लावी. भिवंडीच्या मुली, ताणा आईचा आणि बाणा बापाचा म्हटले की त्यांना पुढचे सांगावे लागत नसे. मात्र रंगांधळेपणाचा परिच्छेद आला की माझी नजर घड्याळाकडे जाई आणि मी म्हणे, हा भाग घरी वाचून या. दर वर्षी तास नेमका तिथेच संपत आलेला असे. एकदा एका मुलीने विचारले, "बाई, खोटं बोलणं पण आईबापांकडून येतं का?" मी हसून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न मला चांगलाच लागला. आईने आत्याबाईंना 'काही नाही हो' म्हटले, मी शेठसमोर मान हलवली. हेही एक सूतच म्हणून मी सुटू शकले असते तर किती बरे झाले असते! नाही. डोळे आजीकडून येतात, नाक बापाकडून येते. ती मान माझी मीच हलवली होती.

माझा मुलगा सहा वर्षांचा झाला. एका रविवारी तो ओट्यावर चित्र रंगवत बसला होता. मी भाजी निवडता निवडता वाकून पाहिले. पोपट होता. तांबडाभडक पोपट आणि त्याला हिरवीगार चोच! जे पाहिले त्याचा अर्थ कळायच्या आत माझा हात उठला. मी त्या पोराच्या गालावर चापट मारली आणि ओरडले, "नीट बघ!" मुकादम मामावर हेच दोन शब्द ओरडला असेल, असे मला त्याच क्षणी वाटले. मुलगा रडलादेखील नाही. खडूंच्या डबीत बोट घालून तो आपले कुठे चुकले ते शोधू लागला. सासरे झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी चष्मा लावून ते चित्र हातात घेतले, ताका तपासावा तसे दूर धरले, जवळ धरले. मग सावकाश म्हणाले, "मुलगा मामाच्या वळणावर जातो म्हणतात. ह्याला तर मामाच नाही. मग हा गेला कुणाच्या वळणावर?" मी माझ्या आईबापांची एकुलती एक. त्यांनी हे सहज म्हटले की सगळे ओळखून म्हटले, ते मला कळले नाही. मी भाजी तशीच टाकून आत गेले आणि तोंडात पदर कोंबून रडले.

पुढच्या रविवारी मुलाला घेऊन मी अंबाडीची एसटी पकडली. मामा नाक्यावरच्या बाजारात गोणपाटावर मिरच्यांचे ढीग मांडून बसला होता. केस पिकले होते, आवाज तेवढाच मोठा होता. आम्हाला बघताच त्याने शेजारणीला ओरडून सांगितले, "माजी भाची! शाळेत बाई हाय!" मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्याने मुलाला जवळ बसवून घेतले. समोर दोन ढीग होते, हिरव्या मिरच्यांचा आणि पिकून तांबड्या झालेल्यांचा, आणि काही मिरच्या अजून निवडायच्या होत्या. मुलाने एक उचलून विचारले, "आजोबा, ही कुठल्या ढिगात?" मामा म्हणाला, "दाबून बघ. कडक लागली तर ह्या, मऊ लागली तर त्या." मुलगा म्हणाला, "रंगावरून नाही ना? ते मला जमत नाही." मामाचा हात थांबला. त्याने मुलाच्या तोंडाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "तुला बी न्हाय दिसत?" असे त्याने इतक्या हळू विचारले की त्या माणसाला हळू बोलता येते, हे मला तेव्हाच कळले. मुलाने नाही अशी मान हलवली. आणि मामा हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. आपल्यासारखे पाहणारा माणूस त्याला उभ्या जन्मात पहिल्यांदाच भेटला होता.

तिथेच, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, मी त्याला सगळे सांगितले. लग्नासाठी मी खोटी मान हलवली, पुस्तकात होते ते सगळे खरे होते, हे सांगितले. तो शिव्या देईल, उठून जाईल, अशी माझी अपेक्षा होती. नव्हे, इच्छाच होती. मिरचीचे देठ खुडत तो म्हणाला, "मना तसं न्हाय वाटलं, पोरी. मना वाटलं, तू पुस्तक पुन्ना वाचलं आसशील. तुजं पयलं चुकलं आसल. मंग आपल्याला तसलं काय न्हाय, आपुनच बावळट हाय." आठ वर्षे! आठ वर्षे त्याने माझ्या शिक्षणावर विश्वास ठेवला होता आणि स्वतःवर नाही. मी त्याची नोकरी घालवली, एवढेच मला ठाऊक होते. त्याला दिलेले नाव मी परत काढून घेतले होते, हे मला त्या बाजारात कळले. थोड्या वेळाने त्याने विचारले, "म्हंजे नाव हाय ना त्याला?" मी म्हटले, "आहे, मामा." तो शब्द तो विसरला होता. मी पुन्हा सांगितला, आणि हेही सांगितले की त्याचे ते सूत त्याच्या मुलीतही आहे, असतेच. उद्या तिच्या मुलात दिसू शकेल. मामा म्हणाला, "मंग इचारलं तर सांगू की. त्यात काय?" किती सोपे होते ते! मग तो जरा घुटमळला. "काम नको आता मना. पन शेठला नाव तेवढं सांगशील?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, शाळेतून परस्पर, मी कारखान्यात गेले. तोच खडखडाट, तेच छप्पर. शेठ म्हातारा झाला होता. त्याने जुन्या सवयीने कान पुढे केला. कानात सांगून मोकळे होण्याची ती सोय मी घेतली नाही. लूमच्या दोन रांगांमध्ये उभी राहून मी ओरडले. "क्या?" शेठ ओरडला. मी पुन्हा ओरडले. एका विणकराने कुतूहलाने आपला लूम बंद केला, त्याचे बघून शेजारच्याने, आणि त्या अकस्मात पडलेल्या शांततेत माझा आवाज नको इतका मोठा घुमला : "माझा मामा खरं बोलत होता! मी खोटी मान हलवली! ह्याला रंगांधळेपणा म्हणतात, माझ्या मुलालाही आहे, आणि तो माझ्याकडून आलाय!" शेठ म्हणाला, "क्या नाम बोली?" मी सांगितले. "रंग-अंधळेपन," त्याने उच्चारून पाहिले, आणि मान डोलावून म्हणाला, "मामा को बोल, शेठ ने नाम याद रखा है. बोल, शेठ शर्मिंदा है." शरमिंदा तो! त्याचा काय दोष होता?

तपासणीच्या टेबलाशी माझे सासरे उभे होते. हातातला ताका त्यांनी सावकाश खाली ठेवला, चष्मा काढला आणि म्हणाले, "तेव्हा सांगितलं असतंस तर..." आणि तेवढ्यात लूम सुरू झाले. त्यांचे ओठ हलताना मला दिसले. वाक्य ऐकू आले नाही. मी आजवर त्यांना ते विचारलेले नाही. लग्न मोडले असते असे ते म्हणाले असतील, तर माझा संसार, माझे घर, माझे लेकरू, सारे मामाच्या अब्रूवर उभे आहे. आणि तरीही तुला सून करून घेतली असती असे म्हणाले असतील, तर मी त्याला उगाचच बुडवले. यातले कोणते ऐकण्याची माझी छाती आहे? ते घरात समोर बसतात, नातवाच्या डबीतल्या हिरव्या खडूला मी दोऱ्याची गाठ बांधते ते बघतात, आणि कधी कधी सुटलेली गाठ स्वतःच घट्ट करून ठेवतात.

आजही गल्लीत लडी वाळत असतात. शाळेतून येताना मुलगा त्या वासापाशी थांबतो, मी जिथे बसत असे त्याच गटाराशी उकिडवा बसतो आणि ठिबकणाऱ्या पाण्याकडे बघत विचारतो, "आई, ह्यातलं तांबडं कुठलं?" त्याला दोन्ही ओघळ एकाच रंगाचे दिसतात, मला अजूनही दोन दिसतात, अगदी स्वच्छ. तेव्हाही दिसत होते. मी त्याच्याशेजारी बसते, तांबड्या ओघळाकडे बोट दाखवते आणि तोंडाने मोठ्याने सांगतेही. नुसती मान हलवून उत्तर देणे मी सोडले आहे.